वर्तणूक : चांगली

एकतीस वर्षं मी वडगावच्या मराठी शाळेत कारकून होतो.
शाळा सोडल्याचे दाखले माझ्याच हातचे.
नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी,
आणि खाली, शेवटून दुसऱ्या रकान्यात,
वर्तणूक : चांगली.
पोरगं समोर उभं असायचं नाक पुसत,
मी मान वर न करता लिहायचो.
बाक मोडणाऱ्याची चांगली,
मोडला म्हणून चुगली करणाऱ्याचीही चांगलीच.
एकदा शाईची बाटली लवंडली, तेव्हा
एका दुपारीत चाळीस जणांची वर्तणूक
मी पुन्हा लिहून काढली.

रुद्राप्पाचा दाखला माझ्या टेबलावर कधी आला नाही.
तो पलीकडच्या कन्नड शाळेत, तोही चौथीपर्यंत.
आमच्या दोन घरांत एक भिंत, नऊ इंची,
आणि ती कुणाच्या जागेत, यावरून भांडण.
मोजणीवाला आला, चहा पिऊन गेला,
टेप त्याची, दोरी आमची, आकडा कुणाचाच नाही.
त्या दिवशी मी मराठीत बोललो, तो कन्नडात,
आणि एकमेकांच्या सात पिढ्यांबद्दल जे काही होतं
ते दोघांनाही दुभाष्याविना कळलं.
मग तीन वर्षं काही नाही.
नळाला पाणी आलं की दोन घरच्या घागरी
एकमेकींकडे पाठ करून भरायच्या.

भिंतीपलीकडे त्याचा माग.
रात्री दीड-दोनपर्यंत खटखट, खटखट,
इकडे मांडणीतली ताटं शहारायची.
मी महापालिकेत अर्ज दिला, दोन प्रतींत, मुद्देसूद.
मुद्दा तिसरा :
सदर इसमास शेजाऱ्यांची फिकीर नाही.

श्रावण सरताना आक्काताईचा ताप उतरेना.
सिव्हिलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, झोप हवी.
पहिल्या रात्री दहाला माग थांबला.
मी म्हटलं, लाइट गेली असणार, बरं झालं.
दुसऱ्या रात्रीही दहाला.
म्हटलं, सूत संपलं वाटतं, बरी जिरली.
तिसऱ्या रात्री तिच्या कपाळावरची पट्टी बदलताना
सहज वर बघितलं.
बल्ब चालू होता.

सकाळी त्याच्या दारात शहापूरच्या पेढीचा माणूस
मोटारसायकलवरून न उतरताच ओरडत होता,
गौरीच्या आधी बारा साड्या ठरल्या होत्या की नाही?
रुद्राप्पा खाली बघत उभा,
दाखला घ्यायला आलेल्या पोरासारखा.

तो माणूस गेल्यावर मी निघालो.
वाट म्हणजे सात पावलं.
आभाराचं कन्नड वाक्य पाठ करत गेलो,
उंबऱ्यापर्यंत निम्मं विसरलो.
"रुद्राप्पा, ते रात्रीचं..."
तुटलेला धागा जोडता जोडता तो म्हणाला,
"इरली बिडरी."
असू दे हो, सोडा.
आणि मग मराठीत,
"वैनीनं पेज घेतली काय?"

आता वाटतं, त्या सगळ्या पोरांना परत बोलवावं,
कोण पुण्यात असेल, कोण हुबळीत, कोण कुठं,
ओळीनं उभं करावं, आणि एवढंच विचारावं :
कुणासाठी काय बंद ठेवलंस कधी,
त्याला न सांगता?
त्यातलं एखादं आगाऊ निघणारच.
म्हणेल, सर, आणि तुम्ही?

भिंतीचं अजून ठरलेलं नाही.
मी नऊ इंच सोडणार नाही, तोही नाही.
आक्काताई आता बरी आहे,
म्हणते, खटखटीशिवाय झोप लागत नाही.
मला खटखटीत लागत नाही.
दीड वाजलाय. ताटं वाजताहेत.
शिवी अगदी ओठांवर आली होती, अस्सल, घरची.
उठलो. ट्रंकेतून अर्जाची दुसरी प्रत काढली,
चार घड्या घातल्या
आणि दोन ताटांच्या मधे सारली.
पहिली प्रत महापालिकेत आहे.
तिला नंबर पडलाय.